विद्यमान, माजी आणि भावी भिंती

लिंब फाट्याकडून स्टेशनकडे निघालं की तळेगाव दाभाड्यात माणसांचे तीनच प्रकार आढळतात: विद्यमान, माजी आणि भावी. विद्यमान नगरसेवकाचा फ्लेक्स मोठा असतो, माजीचा त्याहून मोठा, आणि भावीचा एवढा की त्याच्या मागचं मेडिकल सापडेपर्यंत पेशंट आपला आपण बरा होतो. गॉगल तिघांचाही एकाच दुकानातला. भिंतींचीही नेमकी हीच वर्गवारी आहे आणि तिच्यावर रेव्हिट नावाचं एक अख्खं सॉफ्टवेअर चालतं, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. फरक एवढाच की भिंती माजी झाल्यावर गप्प बसतात. निदान सॉफ्टवेअरमध्ये तरी.

मी जुन्या पठडीतला ड्राफ्ट्समन. ट्रेसिंग पेपर, रॉटरिंगचं पेन आणि दाढीचं अर्धं ब्लेड, एवढ्या भांडवलावर माझा संसार झाला. आता ज्या ऑफिसात बसतो तिथल्या आर्किटेक्ट बाई माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो. पगार त्या देतात.

आमच्या वेळी भिंत पाडणं फार सोपं होतं. ब्लेडने ट्रेसिंगवरची शाई हलकेच खरवडायची, वरून नख फिरवून कागद गुळगुळीत करायचा, की भिंत गेली. ती कधीकाळी होती याला पुरावा नाही, साक्षीदार नाही. एका बंगल्याच्या मालकांनी स्वयंपाकघराची भिंत इतक्या वेळा हलवली की खरवडून खरवडून तिथे ट्रेसिंगला आरपार भोक पडलं. अमोनिया प्रिंट काढली तर त्या जागी स्वच्छ पांढरं. मालक प्रिंटकडे बघत म्हणाले, "वा! आता कसं मोकळं वाटतंय." ओपन किचन नावाची गोष्ट तळेगावात पहिल्यांदा आली ती अशी, ब्लेडच्या पात्यावरून.

पुढे ऑटोकॅड आलं. अमेरिकेत ते १९८२ साली निघालं होतं. आमच्या टेबलावर पोचायला त्याने पॅसेंजर गाडी पकडली असावी. त्यात पाडायच्या भिंतींचा लेयर वेगळा ठेवायचा आणि रेघ तुटक करायची. पण या तुटक रेघेला एक खोड आहे. एलटीस्केल नावाचा एक आकडा असतो. तो चुकला की तुटक रेघ कागदावर अखंड उमटते. पडद्यावर भिंत कधीच गेलेली, कागदावर ती ठणठणीत, आणि मिस्त्री कागदाचं ऐकणारा. अशा कितीतरी भिंती या पट्ट्यात आज केवळ एका आकड्याच्या कृपेने उभ्या आहेत आणि त्यांच्यावर लोकांनी टीव्ही लावले आहेत.

रेव्हिट २००० साली बाजारात आलं आणि दोनच वर्षांत ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कनेच ते विकत घेतलं. त्यात रेघ नसते, भिंत असते. जाडी, उंची, वीट, गिलाव्यासकट. आणि प्रत्येक भिंतीच्या माहितीत दोन रकाने असतात: कोणत्या टप्प्यात जन्मली आणि कोणत्या टप्प्यात पाडली. त्यावरून सॉफ्टवेअर तिची जात ठरवतं. आधीची भिंत फिक्कट दिसते, नवी ठळक, पाडलेली तुटक. वर गाळण्या आहेत. सगळं दाखव म्हटलं की सगळं दाखवतं. फक्त नवं दाखव म्हटलं की जुनं गायब. पुरं झालेलं घर दाखव म्हटलं की पाडापाडीचं नाव नाही, जणू घर असंच आभाळातून उतरलं. गिऱ्हाइकाला आम्ही शेवटची गाळणी लावून दाखवतो. अंदाजपत्रक दाखवायच्या दिवशी पहिली.

कोरी फाइल उघडली की मात्र हे सॉफ्टवेअर धरून चालतं, की आता जे काढाल ते नवं. आधीचं असेल तर तसं तुम्ही सांगायचं. ऑफिसात ट्रेनिंगला आलेल्या एका पोराने गावभागातला एक वाडा मापून आणला आणि काहीही न सांगता काढून टाकला. खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिलं. त्या घराण्याच्या सावलीत वाढलेल्या गावातला हा वाडा, आणि पडद्यावर त्याच्या मातीच्या भिंती ठळक काळ्या, 'नवीन बांधकाम'. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे त्यांचं घनमाप काढलं, आम्ही ते दराने गुणलं. वाड्याचे थोरले मालक, तात्या, आकडा बघून म्हणाले, "म्हणजे आमच्या आबांनी ठेवलेला वाडा आम्ही तुमच्याकडून परत विकत घ्यायचा?"

त्या वाड्याचंच सांगतो. तीन भाऊ. थोरले तात्या वाड्यातच राहतात. मधले अण्णा पुण्यात, त्यांना फक्त गाडी लावायला जागा हवी. धाकटे बापू चाकणला कंपनीत, रोज त्या रस्त्याने जाऊन येऊन त्यांचा स्वभाव बदलला आहे. वाडा दुरुस्त करून तिघांना सोयीचा करायचा, असं काम. पहिली पायरी म्हणजे आहे ते जसंच्या तसं काढणं. ऐकायला सोपं आहे. भिंत जोत्यापाशी सव्वादोन फूट, छातीपाशी दोन, माळ्याजवळ तिच्या मनाला येईल तेवढी. लेझरच्या यंत्राने एकच खोली चार कोपऱ्यांतून मापली तर चार खोल्या निघाल्या. सॉफ्टवेअरला मात्र भिंतीची जाडी नेमकी सांगावी लागते. मग कोनाडे, देवळ्या, खुंट्या, आणि एका देवळीत बसवलेला, कुणीच हलवायला तयार नसलेला शेंदूर लावलेला दगड. त्याला कोणत्या प्रकारात टाकायचं यावर ट्रेनिंगचं पोरगं अर्धा दिवस यादी वर-खाली करत होतं. शेवटी त्याने तो 'फर्निचर'मध्ये टाकला. तात्यांना हे अजून माहीत नाही.

खरा गुंता माजघरात होता. माजघराच्या मधोमध चार इंची विटांची एक भिंत. मॅडमनी तिच्यावर लेझरचा ठिपका मारून विचारलं, "तात्या, ही भिंत केव्हाची?"

"कुठली भिंत?"

"ही."

"ही भिंत नाही. ही वाटणी आहे."

बापूंचं म्हणणं, ती त्यांच्या लग्नापासून आहे आणि विटांची बिलं त्यांच्या ट्रंकेत आहेत. सिटी सर्व्हेच्या उताऱ्याला वाड्याच्या पोटातल्या भिंतीशी देणंघेणं नाही. नगरपरिषदेकडे मंजूर नकाशा मागावा, तर वाडा बांधला तेव्हा मंजुरी म्हणजे आबांनी मान डोलावणं. एकूण काय, भिंत तिथे होती. डोकं आपटलं तर लागत होतं. पण ती विद्यमान आहे यावर एकमत नव्हतं. मॅडमनी धोरणाने विचारलं, "मग एक्झिस्टिंगमध्ये दाखवू ना?" तात्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दाखवा. पण फिक्कट."

रेव्हिट आधीच्या भिंती फिक्कटच दाखवतं. अमेरिकेत बसून त्यांना तात्यांचा विचार कसा काय सुचला असेल, देव जाणे.

पुढची बैठक पाडापाडीची. पाडायचं बटण दाबलं की बाणाच्या जागी पडद्यावर छोटासा हातोडा येतो. तात्यांनी तो पाहिला आणि त्यांची कळी खुलली. "द्या इकडे तो माउस." हातोडा नेमका वाटणीवर नेऊन त्यांनी असा काही ठोका दिला की टेबलावरचा चहा सांडला. भिंत तुटक झाली.

"गेली?"

"हो तात्या. पाडली."

"पाडली तर दिसतेय कशी?"

मॅडमनी समजावलं, की पाडणं वेगळं आणि पुसणं वेगळं. पाडलं की ती होती आणि मग पाडली अशी नोंद राहते. पाडायची मजुरी धरता येते, राडारोडा किती निघेल ते कळतं. पुसलं की ती कधी नव्हतीच. तात्यांनी एवढं मन लावून कुठलं कीर्तनही ऐकलं नसेल. सगळं ऐकून म्हणाले, "मग पुसा. ती नव्हतीच."

बापू खुर्चीतून उठले. "पाडा म्हणजे पाडा. पुसायची नाही! माझे पैसे गेलेत तिच्यात."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा तांत्रिक प्रश्न मी गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकला नव्हता. भिंत तुटकच राहिली. मग मॅडमनी वाटणीचा विषय बाजूला ठेवून मागच्या भिंतीतलं एक दार पाडायला घेतलं, तर दार गेलं आणि त्या जागी सॉफ्टवेअरने आपली आपण भिंत भरून टाकली. ते तसंच आहे: भिंतीतलं दार पाडलं की भोक उघडं ठेवणं रेव्हिटला बघवत नाही. बापूंच्या पत्नी, धाकट्या काकू, इतका वेळ नुसत्या बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हे भावकीतल्याच कुणीतरी लिहिलंय."

मला स्वतःला सगळ्यांत गमतीची वाटते ती खोल्यांची तऱ्हा. भिंती एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात आपोआप येतात, खोल्या येत नाहीत. चारी भिंती जिथल्या तिथे असल्या तरी नव्या टप्प्यात ती खोली पुन्हा ठेवावी लागते आणि तिला पुन्हा नाव द्यावं लागतं. जुन्या टप्प्यात आम्ही तात्यांनी सांगितलेली नावं घातली होती: सोपा, माजघर, देवघर, आणि मागे अंधारी, खिडकीच्या जागी एक झरोका असलेली बाळंतिणीची खोली. तिन्ही भाऊ तिथेच जन्मले. नव्या टप्प्यात तीच खोली रिकामी होऊन उभी राहिली तेव्हा अण्णांनी तिला 'पार्किंग' नाव सुचवलं, बापूंच्या मुलाने 'गेमिंग रूम', आणि तात्या म्हणाले, "जिथे तुमचा बाप रडला तिथे तुम्ही गेम खेळणार." त्या दिवशी खोली निनावीच राहिली. सॉफ्टवेअर अशा वेळी नुसतंच 'रूम' असं लिहून पुढे एक नंबर टाकतं.

टप्पे वाढवता येतात, शेजारचे दोन एकत्र करता येतात. क्रम मात्र उलटसुलट करता येत नाही. तळेगावकरांना हा नियम जाचक वाटणार. इथे आधी सोसायटी उभी राहते, मग तिच्यापर्यंत रस्ता होतो, मग तो रस्ता ड्रेनेजसाठी खणतात, मग त्यावर खडी पडते, आणि सगळ्यात शेवटी उद्घाटन होतं तेव्हा पाण्याच्या पाइपचा टप्पा सुरू झालेला असतो. जुना क्रम तरी सरळ होता. दाभाड्यांचं गाव, मग १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे गावभाग वेगळा नि स्टेशनभाग वेगळा अशी गावाचीच वाटणी पडली, मग लोकांकडून एकेक पैसा जमवून १९०८ साली निघालेला पैसा फंडाचा काच कारखाना, टिळकांचा पाठिंबा असलेला. त्यानंतर एमआयडीसी. जनरल मोटर्सने २००८ साली इथे गाड्या बनवायला घेतल्या, २०२० च्या डिसेंबरात थांबवल्या, आणि पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला. भिंती विद्यमान, पाटी माजी.

गाळण्या सरकारकडेही आहेत. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये त्यात बदल होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचं बांधकाम नियमित करून घ्यायची सोय झाली. तेव्हापासून मी बघतो, आजूबाजूला कुठलंही घर विचारा, ते २०२० च्या दिवाळीत बांधलेलं असतं. त्या वर्षी सगळा देश घरात बसला होता आणि मावळात एवढे गवंडी कुठून आले, हा इतिहासकारांचा विषय आहे.

नकाशाचे रंगही ठरलेले आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे आहे ते काळं, नवं लाल भरीव, पाडायचं पिवळ्या तिरप्या रेघांत, आणि मंजुरी सोडून केलेलं लाल तिरप्या रेघांत. हा शेवटचा रंग कुणी आपणहून वापरल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या नकाशात तिन्ही रंग शिस्तीत होते. पण साइटवर जाते ती झेरॉक्सची काळी-पांढरी प्रत. तिच्यात लाल काळा होतो, म्हणजे भावी भिंत बसल्या जागी विद्यमान. पिवळा तर उडूनच जातो, म्हणजे पाडायची भिंत कागदावर उरतच नाही. मिस्त्रीने कागद पाहिला, वाडा पाहिला, कागद उलटा धरून पुन्हा वाडा पाहिला. "मॅडम, कागदात न्हाई ती भित्ताडं हितं उभी हायती, अन् कागदात हाय ती भित्ताड हितं कुटंच न्हाई. मी करू काय?"

मॅडमनी विटेच्या तुकड्याने भिंतींवरच खुणा केल्या. पाडायच्या भिंतीवर फुली. मिस्त्रीच्या शास्त्रात फुली म्हणजे हात लावायचा नाही. पाडायच्या भिंतीवर बरोबरची खूण असते, कारण पाडणं बरोबर आहे. हे वेळीच कळलं म्हणून बरं. मग फुल्या पुसून मोठ्या अक्षरांत 'पाडणे' लिहिलं, तर ब्रेकर घेऊन आलेला पोरगा रायचूरकडचा, त्याला देवनागरी येत नव्हती. अखेर मिस्त्री एकेका भिंतीला पाठ टेकून उभा राहिला आणि सांगितलं, "मी टेकलोय ती ठिवायची." दुपारपर्यंत तो असा भिंतीभिंतीला टेकत वाडाभर फिरला. रेव्हिटमधल्या कुठल्याही गाळणीपेक्षा ही चोख चालली, फक्त तो जेवायला गेला तेवढा अर्धा तास सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता.

तसं म्हटलं तर पाडकामाची राजधानी आमचीच. नवलाख उंबऱ्याच्या बाजूला जेसीबीचा कारखाना आहे. तिथली पिवळी यंत्रं ट्रेलरवर चढून कुठल्या कुठे जातात. संहितेने पाडकामाला पिवळा रंग दिला तो जेसीबी बघूनच, असं मिस्त्री सांगतो आणि मी त्याला खोडून काढत नाही. पण हाकेच्या अंतरावर जन्मलेलं ते यंत्र वाड्याच्या बोळात शिरेना. बोळ आबांच्या बैलगाडीला मापून ठेवलेला. शेवटी पहार, घण, छिन्नी, घमेलं. आणि पांढऱ्या मातीचा तो धुरळा, ज्याला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही आणि जो शेजारच्या तीन घरांच्या पापडांवर बसला.

वरच्या तुळया तोलायला दोन्हीकडून बल्ल्यांचे टेकू लावले. सॉफ्टवेअरमधली चौथी जात ती ही, टेम्पररी: ज्या टप्प्यात जन्म त्याच टप्प्यात पाडणं. टेकू काढायची वेळ आली तेव्हा त्यांतल्या एकावर काकूंनी दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. तो टेकू आजही आहे.

आता राहिली वाटणी. तात्या पहाटेपासून तयार, बापू रजा टाकून हजर, पाडायला नाही तर पुसत तर नाहीत ना हे बघायला. ब्रेकरवाला एका टोकाकडून सुरू झाला, मधे येऊन थांबला. मधोमध भिंतीवर लाकडी फळी आणि फळीवर दोन वीजमीटर. वाटणीबरोबर मीटरही वेगळे झाले होते. पडद्यावर भिंत पाडली तेव्हा तिच्यावरचे मीटर तिच्याबरोबरच गेले होते आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं; इथे ते चालू होते आणि बिलं येत होती. मीटर हलवायचा तर अर्ज, अर्जासोबत दोघांची संमती, संमतीसाठी दोघांनी एका कागदावर सही करणं. वायरमनने हे सांगितलं तेव्हा दोन्ही भाऊ छताकडे बघायला लागले.

म्हणून मग ब्रेकरवाला दुसऱ्या टोकाकडून आला आणि मीटरपासून हात राखून थांबला. नव्या कोऱ्या मोकळ्या हॉलच्या मधोमध आता तीन फूट रुंद, छातीएवढ्या उंचीचा वाटणीचा तुकडा उभा आहे. मॅडमनी मॉडेलमध्ये भिंत दोन ठिकाणी कापली, दोन्ही कडेच्या तशाच तुटक ठेवल्या आणि मधला तुकडा पाडल्याची नोंद काढून पुन्हा फिक्कट केला. तुकड्याला गिलावा झाला, रंग झाला. दिवाळीत मी फराळाला गेलो तर तात्यांनी त्यांच्या बाजूने खिळा मारून कालनिर्णय लावलं होतं.

बापू म्हणाले, "ती भिंत माझ्या विटांची आहे."

"विटा तुझ्या. बाजू माझी," तात्या म्हणाले आणि मॅडमकडे वळले. "पोरी, नकाशात एवढं दुरुस्त कर. चार इंचांतले माझ्या अंगाचे दोन इंच पक्के दाखव. त्याच्याकडचे दोन पाडलेले."

मॅडमनी सांगितलं, की भिंत लांबीत कुठेही कापता येते. जाडीत अशी कापून अर्धी ठेवायची नि अर्धी पाडायची म्हणजे अवघड आहे.

"मग कसलं आलंय सॉफ्टवेअर? आबांनी परसातला एक आंबा तिघांत वाटून दिला, एक फांदी न तोडता. आणि तुमच्याच्याने दोन इंच होईनात?"